सांगितलेला आकडा

१६ एप्रिल २०२५, बुधवार. अकोला

आज ड्यूटीवर हजर झाली. अमरावतीहून सकाळच्या एसटीनं निघाली, मूर्तिजापूरले खिडकीतूनच दोन गरम समोसे घेतले, अन् अकरा वाजता गोरक्षण रोडवरच्या बंगल्यासमोर उभी. ऊन असं की चप्पल डांबराले चिकटते. पण मन एकदम खुशीत. नवं काम भेटलं की मले असंच होते, नव्या पाटी-दप्तरासारखं.

घर दुमजली, स्वच्छ. पेशंट पंजाबराव, वय सत्तर. बारा दिवसांआधी अटॅक आला, एक स्टेंट टाकला. जिना चढाले मनाई, म्हणून त्यांचा पलंग खालच्या हॉलमध्ये वाळ्याच्या कूलरसमोर लावला. मले वरची खोली दिली. तिच्यात दुपारी तव्याशिवाय भाकर भाजून निघेल. मुलगा किशोरभाऊ कृषी केंद्र चालवते, सून आकांक्षाताई शाळेत शिकवते. सैपाकाले पार्बताबाई येते, अकराच्या ठोक्याले निघून जाते.

किशोरभाऊनं काम समजावलं. दिवसातून दोनदा बीपी, नाडी, ऑक्सिजन. चार्टवर लिहायचं अन् फोटो काढून डॉक्टरले पाठवायचा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं चालवायचं, रोज एक मिनिट वाढवायचं. मीठ कमी, लोणचं बंद. छातीत दुखलं तर जिभेखाली गोळी अन् लगेच फोन. हृदयाचं पंपिंग पन्नास टक्के आहे, म्हणजे चांगलं आहे. ताई म्हणाली, दुखणं कमी अन् भेव जास्त. मनगट धरून नाडी मोजत बसतात, मधातच रडू येते. मी सांगितलं, अटॅकनंतर असं होतेच. जरा कळ आली की माणसाले वाटते, आला दुसरा. दीड-दोन महिने सांभाळून घ्या.

त्यांले काकाजी म्हणायचं ठरलं. काकाजींनी मले वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् विचारलं, चहा जमते का. जमते म्हटलं.

चार्टवर शुद्ध लिहा लागते. ही वही माझी. इथं माझीच बोली.

१७ एप्रिल

ओळखलं नाही. कोणीच नाही. ओळखतील कसे? मी तेव्हा अकरा वर्षांची होती, करवली म्हणून मिरवणारी, दोन वेण्यांची पोट्टी. आधार कार्डावर सासरचं आडनाव आहे. नवरा सोडला, आडनाव राहिलं. त्या माणसाचा मले हा पहिलाच उपयोग.

नर्सिंग ब्युरोच्या मॅडमनं पेशंटचं नाव वाचलं तेव्हा मी दुसरीच्या हातातून कागद ओढून घेतला होता. मॅडमले वाटलं मले कामाची निकड आहे.

एकदाचं लिहून टाकते, म्हणजे डोक्सं हलकं होईल. मे २००६. चांदूर रेल्वेले माझ्या मोठ्या बहिणीचं, प्रणालीताईचं लग्न होतं. नवरदेव हाच किशोर. माझे बाबा, महादेवराव, वांगी, मिरची अन् झेंडू पिकवून बाजारात विकत. आमच्याकडं वरबाप रुसते अन् पोरीचा बाप त्याले मनवाले जाते. रीतच आहे ती, थट्टामस्करीत होते. एकदा जावं, हात जोडावे, टॉवेल-टोपी द्यावी, झालं. पंजाबराव रुसले, काहून, तर जानोशाचा कूलर गार हवा देत नव्हता. जानोसा म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं ती शाळा, आमच्या मांडवापासून चांगली लांब. बाबा भर दुपारी पायी गेले. हे म्हणाले, असा नाही येत. बाबा दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सदरा घामानं पाठीले चिकटला होता अन् डावा हात चोळत होते. छातीत दुखून राहिलं म्हणाले. पंजाबराव तेव्हा कुठं उठले, मांडवात आले, अन् बाबांकडं पाहून बोलले, "व्याह्याले ऊन लागलं. कांदा हुंगवा, पन्हं पाजा. आमची पंगत काहून थांबली?"

सगळ्यांले पटलं. वऱ्हाडात मे महिन्यात घाम अन् चक्कर म्हणजे ऊनच, दुसरं काय. बाबांले मांडवामागं निजवलं, नाकाशी कांदा ठेवला, मले वारा घालाले बसवलं. जीप दारात उभी होती. दवाखाना दहा मिनिटांवर होता. पंगत उठेपर्यंत बाबा गेले. मी पंखा हलवतच होती.

मग अपशकुन झाला म्हणून हे लोक लग्न न लावताच पोरगा घेऊन परतले. ताई चाळिशीले आली, अजून आईजवळ बसून झेंडूचे हार गुंफते.

याले मारायचं नाही. मेलेला माणूस काय भोगते? याले भेव दाखवायचा. रोज, थोडा थोडा, गोळ्यांसारखा, जेवणाआधी अन् जेवणानंतर.

२१ एप्रिल

आज सुरुवात केली. बीपी एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. एकदम झकास. मी मशीनकडं पाहत राहिली, ओठ दाबले अन् हळूच सांगितलं, एकशे अडुसष्ट, एकशे चार. चष्म्याशिवाय त्यांले आकडा दिसत नाही अन् चष्मा मी आधीच पुसाले नेला होता. चार्टवर खरं लिहिलं. डॉक्टर खूश, किशोरभाऊ खूश.

काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काय करू म्हणे. पडून राहा म्हटलं, टेन्शन घेऊ नका. मग काय, दिवसभर बोटं मनगटावर. चालाले उठले नाहीत. दोनदा मलेच विचारलं, मी वाचतो ना बाई. मी समोर बसून पिठलं-भाकर खाल्ली. किती वर्षांनी जेवण इतकं गोड लागलं.

२३ एप्रिल

सकाळी नाश्ता झाल्यावर डोक्सं जड झालं म्हणून मशीन माझ्याच दंडाले लावलं.

एकशे अडुसष्ट, एकशे चार.

वरची खोली तापते, त्यानं चढलं असेल. पाणी प्याली, बसली, पुन्हा लावलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा तोच. मशीन बिघडलं असेल म्हणून पार्बताबाईले बोलावलं. ती खी खी करत बसली, तिले एकशे तीस, ऐंशी. लगेच माझ्या दंडाले लावलं. एकशे अडुसष्ट, एकशे चार. एकानंही कमी नाही, एकानंही जास्त नाही.

मी तीस वर्षांची आहे. मले साधी सर्दी होत नाही.

२६ एप्रिल

पाहू म्हटलं. काकाजींले सांगितलं, नाडी अठ्ठेचाळीस. खरी चौऱ्याहत्तर होती. वरून हेही सांगितलं की ओठ निळे दिसून राहिले.

तासाभरात मोरीत कपडे पिळता पिळता डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत धरून खाली बसली. बोटाले ऑक्सिजनचं मशीन लावलं. नाडी अठ्ठेचाळीस. आरशात पाहिलं. ओठ वांग्यासारखे झाले होते.

अन् तो बुडा भितो, रडते, पण दिवसेंदिवस सुधरून राहिला. गालावर रंग आला. आज दीड भाकर खाल्ली.

बाबा, हे तुमीच करून राहिले का? मग माझ्यावर काहून? मी तर तुमच्यासाठीच आली ना इथं.

३० एप्रिल

चार दिवस खरं सांगितलं. जे मशीनवर, तेच तोंडात. पहिल्याच दिवशी माझा आकडा उतरला. आज मी एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. ओठ साफ. जिना एका दमात चढली.

काकाजीही गेटपर्यंत चालले, आठ मिनिटं. परत येऊन घाम पुसत म्हणाले, तुझ्या हाताले गुण आहे. मले आतून भडकाच उठला.

म्हणजे हिशेब सरळ आहे. खरं बोलली तर मी जगते, अन् हाही जगते. खोटं बोलली तर हा भितो अन् मी मरते. इतलं काही मले वेड लागलं नाही. ब्युरोच्या मॅडमले फोन केला, सात तारखेपासून दुसरी बाई पाठवा म्हटलं. आईले सांगितलं, येते मी घरी. प्रणालीताईसाठी साडी घेईन म्हणते.

४ मे, रविवार

किशोरभाऊ अन् आकांक्षाताई आज अमरावतीले गेले. तिच्या भावाचं लग्न आहे, बुधवारी परत येतील. डॉक्टरनं काकाजींले गर्दीत जाऊ दिलं नाही, म्हणून सकाळपासून तोंड फुगलेलं. दुपारी पत्रिका हातात घेऊन बसले अन् आपल्याच मनानं बोलाले लागले. लग्नात आता मजा नाही म्हणे, वरबापाले कोणी विचारत नाही. मग हसले.

"किशोरचं आधी एक लग्न मोडलं, चांदूरले. पोरीचा बाप मांडवातच मेला. काय नाव होतं त्याचं... जाऊ दे. भाजीवाला होता. एक कूलर धड लावता आला नाही, अन् मेला तोही आमच्याच पंगतीत."

मग म्हणाले, चहा टाक.

मी चहा टाकला. आलं ठेचून टाकलं. कप हातात दिला, त्यांची फाइल आणली, पानं उलटली. सांगितलं की डॉक्टरचा फोन आला होता, परवाच्या तपासणीत पंपिंग पंधरा टक्के निघालं. आता पाय जमिनीले टेकवायचा नाही. टेकवला की हृदय जागच्या जागी बंद पडेल. आवाज चढवायचा नाही. फोनवर बोलायचं नाही. त्यांचा फोन मी माझ्या खोलीत वर नेऊन ठेवला.

चहा लुंगीवर सांडला. मले वाटलं आरडाओरडा करतील. पण हळूच म्हणाले, किशोरले सांगू नको, लग्नघर आहे.

हे माझ्यावर येणार, मले माहीत आहे. येऊ दे. मी तीस, तो सत्तर. माझ्या बापाचं नाव याले आठवत नाही. याचे तीन दिवस मले पाहिजेत. मग खरं सांगीन अन् निघून जाईन.

५ मे

जिना चढाले दहा मिनिटं लागली. मधात तीनदा बसली. पायावर सूज, बोट दाबलं की खड्डा पडते. दोन घास खाल्ले, उलटून पडले. जबडा दुखते, दाताचं दुखणं नाही हे.

तो पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला आहे. काल दुपारपासून उतरला नाही. भांडं मी आणून देते. बीपी एकशे वीस, शहात्तर.

सांगून टाकावं का? दोन वाक्यांचं काम. खोटं बोलली म्हणायचं, की सुटली. तोंडापर्यंत आलं. त्यानं झोपेत घोरल्यासारखं केलं अन् मले प्रणालीताईची बोटं आठवली, झेंडूनं पिवळी पडलेली. गिळून टाकलं.

६ मे, सकाळ

पार्बताबाईनं माझं तोंड पाहिलं. ऊन लागलं वं तुले, म्हणाली. कांदा ठेव जवळ. मले हसू आलं, हसताना पाठीत कळ गेली, खांद्यापासून खाली.

दवाखान्यात चल, असं ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही. आजचा एक दिवस. उद्या ते लोक येतील, उद्या सांगीन.

अकरा वाजले. गेली ती.

घाम. कूलरसमोर बसून घाम —

६ मे, दुपार

पडली. कूलरमध्ये पाणी टाकाले उठली अन् — फरशीवर आहे. डावा हात माझा नाही. वही हाताखाली सापडली.

छातीवर कोणी बसलं आहे.

दोन्ही फोन वर. माझा चार्जिंगले, त्यांचा मीच —

हाक मारली. कूलरच्या आवाजात मलेच ऐकू येत नाही. बाहेर या उन्हात कोण असणार.

काकाजी पलंगावर. उशाशी जिभेखालची गोळी. माझ्यापर्यंत चार पावलं. दारापर्यंत दहा. शेजारचं दार वाजवलं तरी —

सांगितलं. सगळं खोटं होतं म्हटलं. पंपिंग पन्नास आहे. बीपी पोराटोरासारखं आहे. उतरा. चार पावलं. काही होत नाही तुमाले.

त्यांनी एक पाय खाली सोडला. अंगठा फरशीले लागला, अन् लगेच मागं —

रडून राहिले.

"मरता मरता मले धीर देऊन राहिली वं पोरी. इतली माया पोटच्या पोरानं नाही केली."

पुन्हा सांगितलं. महादेवरावची पोरगी म्हटलं. चांदूर — सूड घ्याले आली — आकडे खोटे —

बरळू नको म्हणाले. बोलू नको, दम लागते. गोळी त्यांनी काढली. हात पुढं केला. हात पुरत नाही. मग — आपल्याच जिभेखाली —

किशोर उद्या येते म्हणाले. तोपर्यंत दोघांनीही हलायचं नाही. हात जोडून बसले आहेत माझ्याकडं पाहत.

उद्या

खरं बोलली मी. आता खरंच बोलली. उतरलं पाहिजे ना माझं. बाबा, खरं बोलली तर उतरते ना — त्यांनी मानलं नाही म्हणून —

काकाजी, पाय खाली टे