तो घसरला नव्हता

वेरिबी,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

प्रिय आबा,

इतके दिवस लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. या काळात रोजनिशीत सगळं लिहिलं, कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवला तेसुद्धा. तुमच्याशी मात्र एक ओळ बोललो नाही. मघाशी 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. पण पुढे जे सांगायचंय त्याच्या आधी तो शब्द लिहायला हात धजेना.

लिहायचं कारण तुमचा ब्राझीलवाला, फुटबॉलमधला तुमचा लाडका बॅक. त्याची शेवटची मॅच झाली. सकाळी चहा घेऊन रेकॉर्डिंग लावलं. शेवटची दोन मिनिटं उरली असताना त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग त्याचे वडील काठी टेकत गवतावर आले. लेकाच्या खांद्यापर्यंत हात पोचेना, म्हणून कमरेवर थोपटत राहिले. आणि मी सोफ्यावर बसून त्या दोघांवर जळत होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी, आबा.

तुम्हाला हे कधी कळलं होतं का? मी त्याच्यावर किती वर्षं जळत होतो?

सोळाव्या वर्षी घर सोडून तो पोर्तुगालला गेला. भाषा कळायची, पण थंडी कळायची नाही, असं तुम्ही सांगायचात. दोन वर्षं बाकावर बसला, गुडघा फाटला, तीन क्लबांनी त्याला उसना घेऊन परत पाठवला, मग कुठे इटलीत त्याला कायमची जागा मिळाली. हे सगळं तुम्हाला पाठ होतं. त्याचा उजवा गुडघा कुठल्या महिन्यात दुखतो तेही. आणि माझं? कुणी विचारलं की म्हणायचात, "महेशचं ते कॉम्प्युटरचं काहीतरी असतंय." मीसुद्धा घर सोडूनच इथे परदेशात आलो होतो ना? मलाही पहिली दोन वर्षं कुणी कायमच्या जागेवर घेतलं नव्हतं.

पेठेतल्या आपल्या तालमीच्या ज्युनिअर फुटबॉल टीममधून मी दोन मॅच खेळलो, तुमच्यासारखाच बॅक म्हणून. दुसऱ्या मॅचनंतर तुम्ही सायकल हातात धरून चालता चालता म्हणालात, "तू बॉलकडं बघतोयस, माणसाकडं न्हाई. तुला अंगावर घेता येत न्हाई." खरं होतं ते. पण पुढे टीव्हीवर तो दिसला की त्याच आवाजात म्हणायचात, "बघ, माझं पोरगं कसं अंगावर घेतंय." मी शेजारीच बसलेलो असायचो.

मग तुमचे डोळे गेले. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग सगळंच. टीव्हीवरचं इंग्रजी तुम्हाला फार घाईचं वाटायचं, आईला ऑफसाइड कळत नव्हतं. म्हणून मी सांगू लागलो. तुमच्याकडे रात्रीचा दीड, माझ्याकडे, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असायचं तेव्हा, सकाळचे सात. फोन कानाला, समोर मॅच, हातात टोस्ट. पहिल्यांदाच तुम्ही माझा शब्द न् शब्द ऐकत होतात. दीड तास. फक्त बोलायचं मात्र त्याच्याबद्दल.

त्या दिवशी मॅचच्या आधी मी तुम्हाला सांगितलं की मला टेस्टिंग टीमचा लीड केलंय, आता अकरा माणसं माझ्या हाताखाली असतील.

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "टीम आली का मैदानात? तो हाय न्हवं आज?"

अर्ध्या तासाने त्याच्या टीमवर गोल झाला. उजवीकडून बॉल आला, त्यांच्या दुसऱ्या बॅकचा पाय घसरला, त्याचा माणूस मोकळा सुटला. तुमचा ब्राझीलवाला तिथे नव्हताच, तो गोलच्या दुसऱ्या खांबापाशी होता.

"कुणाची चूक?" तुम्ही विचारलंत.

"तुमच्या पोराची," मी म्हणालो. "घसरला. माणूस सोडला."

तुम्ही म्हणालात, "त्याचं वजन कायम मागच्या पायावर असतंय. तो घसरत न्हाई रे."

"घसरला आबा. मी बघतोय ना."

"तू बघतोयस म्हणजे घसरला असंल."

इरा समोर बसून सीरिअल खात होती. अकरा वर्षांची आहे, तिला सगळं दिसतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाबा, ती नंबर सिक्सची मिस्टेक होती. तू आबांना राँग का सांगितलंस?"

"बॅग भर, उशीर होतोय."

"नो, बट व्हाय?"

मी तिला शाळेपर्यंत गाडीत गाणी लावून दिली.

तुम्हाला माझं काम कधी नीट सांगितलं नाही, आता सांगतो. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्या कुणाच्या, कुठे, कशा झाल्या, हे अचूक लिहायचं. एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर गेली तर मी बैठकीत आवाज चढवतो. त्या रात्री रोजनिशीत मी लिहिलं, 'आबांना घाईत चुकीचं नाव सांगितलं.' आज ते पान काढून वाचलं. घाईत? मी अजिबात घाईत नव्हतो. टोस्टचा घास गिळून, सावकाश बोललो होतो.

त्यानंतर दर मॅचला खोटं बोललो, असं नाही. पण हे लिहून मी सूट मागतोय का? जितक्यांदा बोललो तितकं पुरलं. एकदा म्हणालो, तो धापा टाकतोय. एकदा म्हणालो, पोरसवदा फॉरवर्डने त्याला मागे टाकलं. त्याच वर्षी त्याच्या क्लबच्या प्रेक्षकांनी त्याला वर्षाचा खेळाडू निवडलं, तेही मी तुम्हाला कळू दिलं नाही. तुमचा आवाज हळूहळू उतरत गेला. मला ते ऐकू येत होतं, आणि लिहायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं.

शेवटी तुम्ही म्हणालात, "बॅक म्हातारा झाला की सगळ्यांना दिसतंय, त्यालाच तेवढं दिसत न्हाई. आता थांबावं त्यानं. तू पण माझ्यासाठी उठू नकोस लेका, तुझी झोप मोडतीय."

जिंकलो मी. आणि बुधवार सकाळचा आपला मॅचचा फोन पाच मिनिटांत संपायला लागला. जेवलास का, हवा कशी, इरा काय म्हणते. त्याला बाजूला काढलं की तुम्ही माझ्याकडे वळाल, असं वाटलं होतं मला. त्याला काढल्यावर आपल्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

इथवर मी हे पचवलं असतं, आबा. माणूस बरंच पचवतो. पण गुरुवारी बंडाकाकांचा फोन आला. तुमच्या टीमचा गोलकीपर, तुमच्यामागे पंधरा वर्षं उभा राहिलेला माणूस.

"मह्या, तुझ्या बाचं पोरगं रिटायर हुतंय म्हणं," ते म्हणाले. "दत्ता असता तर आज कट्ट्यावर चहा पाजला असता."

मी म्हणालो, "शेवटी शेवटी आबा नाराज होते त्याच्यावर."

"नाराज? आरं, भांडण झालं हुतं आमचं." काका हसले. "आम्ही सगळी रात्री मॅच बघून सकाळी कट्ट्यावर यायचो. हा येऊन सांगायचा, घसरला, माणूस सोडला, दमला. आम्ही म्हणायचो, दत्ता, काय खुळ्यागत बोलालायस, तो न्हवता त्यो. तर काठी आपटून म्हणाला, माझं पोरगं तिथं बसून डोळ्यानं बघालंय, ते खोटं बोलंल व्हय? तुमचा टीव्ही खोटा. आणि तीन महिने कट्ट्यावर आलाच न्हाई बघ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्हीच मग समजून घेतलं," काका म्हणाले. "म्हटलं, वय झालं, ऐकण्यात गफलत हुत असंल. डोस्कं थोडं हललंच हुतं न्हवं शेवटाला?"

आणि मी काय म्हणालो, माहीत आहे? "हो काका. वय झालं होतं."

पेठेतली पोरं ज्यांना विचारायला यायची, कुणाला कुठे उभं करू, ते तुम्ही. ज्यांनी फोनवर, न बघता, बरोबर ओळखलं होतं की तो घसरत नाही. त्या माणसाचं डोकं हललं होतं, याला मी गुरुवारी होकार दिला. आधी खोटं बोललो तेव्हा निदान मत्सर होता. या वेळी कशासाठी? स्वतःची अब्रू सांभाळायला, एवढंच ना?

तीन दिवस एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. तुमच्यासमोर एका बाजूला तो होता, टीव्ही होता, चाळीस वर्षांचे मित्र होते, आणि दुसऱ्या बाजूला मी. तुम्ही मला निवडलंत. मला आयुष्यभर हेच हवं होतं. ते मिळालं कधी, तर मी खोटा असताना. आणि तुम्ही ते मला सांगितलंही नाहीत. का नाही सांगितलंत, आबा? "तुझ्यासाठी भांडलो रे आज," एवढं म्हणाला असतात तर मी तिथेच कबूल केलं असतं. केलं असतं का? खात्रीने लिहिता येत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह ठेवतो.

तो मला अजूनही आवडत नाही. त्याच्या वडिलांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मधे कुणी सांगणारा नव्हता. याचा हेवा जाईल असं वाटत नाही. पण तो चांगला खेळला, आबा. शेवटपर्यंत. त्या दिवशी तो दुसऱ्या खांबापाशी बरोबर जागेवर उभा होता. वजन मागच्या पायावर.

कट्ट्यावर सगळं कबूल करून तुमचं नाव होतं तसं परत मिळवून देईन. ते मला काय म्हणतील, ते अंगावर घेईन.

तुमचा,
महेश

उद्या: दुपारी साडेबाराला, म्हणजे तिकडच्या सकाळी आठला, बंडाकाकांना कट्ट्यावर फोन. स्पीकरवर ठेवायला सांगणे.