पायऱ्यांची तीन तिकिटं

पुसद, रविवार

अभिषेकदादा,

तू मिलानमध्ये आम्हाला न सांगता लग्न केलंस, तेव्हापासून आई तुझ्याशी बोललेली नाही. आज मात्र तिने स्वतःहून मला तिथल्या कॅथेड्रलची तिकिटं काढायला बसवलं.

इमारतींचे भार मोजणं हा माझा रोजचा धंदा. त्या संगमरवरी छताचा फोटो पाहून वजन कुठून कुठे उतरतं ते मी कागदावर काढू लागले आणि थांबले. बांधकाम जवळपास सहाशे वर्षं चाललं. पाया घालणाऱ्यांना कळस दिसणार नव्हता, तरी त्यांनी दगड इतक्या निगुतीने बसवले.

आईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मी छतावर जायचं लिफ्टचं तिकीट निवडत होते.

"देवाच्या घरी लिफ्टनं जात असते काय? पायऱ्याचं काढ. माहूरले चढतो नं आपण."

"अडीचशे पायऱ्या आहेत, आई. दोन काढू?"

"तीन काढ. तो कायले आहे तिथं? मले धरून नेईन तो."

तुझं तिकीट मेलने पाठवते आहे. हे पत्र पाठवणार नाही. आईने बजावलंय, "तू काही लिहू नको त्याले. मीच बोलीन."

मिताली