दुसरा रकाना

सोमवार, ६ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू कान धरायच्या आधी मीच धरते. पाळणाघरात सध्या अकरा मुलं आहेत, पण नाकं बावीस असल्यासारखी वाहतात. तुझी नात सगळ्यांची पुढारी. काल तिने साऱ्यांना भिंतीला टेकून बसवलं आणि डोळे मिटून गप्प राहायला लावलं. ‘गुरुवारचे आजोबा’ असं खेळाचं नाव. चाळीस वर्षांचं तुझं दर गुरुवारचं मौनव्रत माझ्या सतरंजीवर उतरलं, पण टिकलं अर्धं मिनिट.

लिहायचं कारण मात्र गंभीर आहे. खिडकीजवळ झोपणारा चार वर्षांचा एक मुलगा आहे. लोकरी टोपी काढत नाही, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणतात. त्याच्या मूत्रपिंडाच्या आजारामुळे औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी ठेवावी लागते, आणि त्याला दिलेली लसही नीट धरत नाही. त्याची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिने हात जोडून सांगितलं की बाकीच्या मुलांना, आता लहानग्यांनाही मिळू लागली आहे ती, करोनाची लस सक्तीची करा. त्यावर दुसऱ्या एका मुलाचा बाप, बसचालक, उसळला. त्याच्या मुलाला मागे एका लशीनंतर ताप चढून झटके आले होते. लस घेऊनही आजार होतोच, मग सक्ती कशाला, आणि मुलगा माझा की पाळणाघराचा, असं तो म्हणाला. ती शांतपणे म्हणाली की पूर्ण थांबत नाही हे तिलाही ठाऊक आहे, पण थोडं कमी होतं, आणि तिच्याकडे तेवढंच आहे.

दोघांचंही मला पटलं, हीच पंचाईत. मी ना डॉक्टर, ना सरकार. तू आयुष्यभर धर्माधर्म शिकवलास, आता बहिणीला चार ओळी सांग.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी धाकटी


रविवार, १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. गुरुवारच्या आजोबांना हसू आवरले नाही, हेही कबूल करतो.

सक्ती हा शब्द मला रुचत नाही. जबरीने करवलेल्या उपासाचे पुण्य कोणाच्याच पदरी पडत नाही, असे मी मानत आलो. परंतु इथे प्रश्न पुण्याचा नाही. एका छपराखाली अकरा मुले निजत असतील, तर त्या छपराला काही नियम असावाच लागतो. जो स्वतःचे रक्षण करू शकत नाही, त्याच्याभोवती इतरांनी उभे राहायचे, ही रीत कोणत्याही लशीहून जुनी आहे. म्हणून नियम कर. ज्या मुलाला लस देऊ नये असे डॉक्टर लिहून देतील, त्याला सूट दे. बसचालकाशी वाद घालू नकोस, त्याची भीती डोळ्यांनी पाहिलेली आहे.

मात्र एक विनंती. चौकीवर मागतात तशी कागदपत्रे मागू नकोस. कोणाचे लशीचे कार्ड नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने स्वहस्ते लिहून द्यावे आणि तू ते प्रमाण मानावेस. आपल्या वडिलांच्या शब्दावर लोक घराच्या किल्ल्या ठेवून जात. माणसाचा शब्द शिक्क्याहून हलका झाला, तर शिकवायचे तरी काय उरले?

सूनबाईंना कामाचे प्रशिक्षण असल्याने मी पुढील आठवड्यापासून महिनाभर तिकडे येत आहे. नातीचा एक डोस झाला आहे, दुसऱ्यासाठी मीच तिला नेणार आहे.

प्रकृतीला जप, स्नेह वाढव.
तुझा दादा


मंगळवार, २८ मार्च

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार पोचावा.

तू परत गेल्यापासून नात दारातल्या चपला मोजते आणि तुझी नाही म्हणून मला रागावते.

नियम केला, अगदी तू सांगितलास तसा. गंमत पाहा, बसचालक सर्वांत आधी आला. मुलाला मोठ्या रुग्णालयात नेलं, डोसनंतर तीन तास तिथेच बसवून ठेवलं आणि मग कार्ड माझ्यासमोर असं आपटलं की पेन्सिली उडाल्या. म्हणाला, घ्या, आता तरी माझ्या पोराला चोरासारखं बघू नका. मी कधी तसं पाहिलं नव्हतं. की पाहिलं असेन?

दहा कार्डं फाईलला लागली. अडली आहे ती आपलीच पोर! सूनबाई म्हणते की डोस नऊ मार्चला झाला, तूच नेलं होतंस, पण त्या दिवसापासून कार्ड सापडत नाही. केंद्रात चौकशी करायला तिला सुट्टी मिळत नाही. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव. दुसऱ्या कोणाचं पत्र असतं तर मी चारदा विचार केला असता. तुझं अक्षर म्हणजे मला शिक्काच.

टोपीची आई आता सकाळी हसून निरोप घेते. परवा तिने बाहुलीला पोरासारखीच टोपी शिवून आणली.

आठवण ठेव, आणि उत्तर लवकर धाड.
तुझी धाकटी


रविवार, २ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

विचारलेस म्हणून लिहितो. गुरुवारी, नऊ मार्च रोजी सकाळी मी नातीला लसीकरण केंद्रावर घेऊन गेलो होतो. तिथे सुमारे तासभर होतो. नंतर तिला घरी आणले. तिला ताप आला नाही.

इकडे ऊन वाढले आहे. डोळ्यांमुळे वाचन कमी झाले आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

स्नेह असो.
दादा


सोमवार, २४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोन ओळी फाईलला लावल्या. फारच कोरड्या होत्या, पण डोळ्यांचं कारण होतं म्हणून रागावले नाही. आज माझंही पत्र आखूडच होणार.

मागच्या सोमवारी दुपारी नातीचं अंग तापलं. तपासणीत करोना निघाला. दोन दिवसांत ती बरी होऊन उड्या मारू लागली, तिची काळजी करू नकोस. त्यानंतर बसचालकाच्या मुलाला झाला, मग जुळ्यांना. मी पाळणाघर बंद केलं, सतरंज्या उकळत्या पाण्यात घातल्या, खेळणी पुसली. पण शुक्रवारी टोपीला धाप लागली. काल त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. आई बाहेरच्या बाकावर बसून असते. हातात त्याची टोपी, आतल्या परिचारिकेने धुवायला दिलेली.

तू रोज जपाला बसतोस. त्याच्यासाठी बस. माझी प्रार्थना साबणाच्या पाण्यातच विरते आहे.

तुझी धाकटी


बुधवार, ३ मे

ती. दादास,
नमस्कार.

टोपी रविवारी सकाळी गेला.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले की कोणाकडून कोणाला गेला हे सांगता येत नाही, कारखान्यातून आईबरोबरही आला असेल. लस घेतलेल्या मुलाकडूनही जाऊ शकतो, शक्यता कमी होते एवढंच.

काल त्याची आई चादर आणि डबा न्यायला आली. मला वाटलं दूषणं देईल. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, तुमच्याकडून कसूर झाली नाही, तुम्ही एकेक कार्ड पाहून घेतलं होतं, सगळ्यांनी माझ्या पोरासाठी जेवढं करायचं तेवढं केलं. तेवढ्या समाधानावर ती जिना उतरली. बाहुलीची टोपी न्यायला विसरली. की ठेवून गेली, कळत नाही.

तू काहीतरी लिही. तुझ्या शब्दांनी मला नेहमी धीर येतो.

धाकटी


सोमवार, ८ मे

चि. धाकटीस,

आशीर्वाद देण्यास आज हात उचलत नाही, म्हणून तसाच आरंभ करतो.

नातीचा दुसरा डोस झालेला नाही. कार्ड हरवलेले नाही. ते माझ्या पोथीच्या बासनात आहे, आणि त्यातला दुसरा रकाना कोरा आहे.

तो गुरुवार होता. तारीख सूनबाईंनी ठरवली होती. वार बदला म्हणावे असे मनात आले, पण व्रत निभावून कर्तव्यही करू, असा अभिमान आडवा आला. रांगेत पुढच्या मुलाचे रडणे ऐकून नात घाबरली. माझा अंगठा घट्ट धरून, आजोबा बोला ना, गोष्ट सांगा ना, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो. परिचारिकेने मुलीचे नाव विचारले, मी ओठांवर बोट ठेवले. मागे रांग आहे, आजोबा, बोला तरी, असे ती त्रासून म्हणाली. पोर आता किंचाळत होती. एका वाक्याने ती शांत झाली असती. चाळीस वर्षांत न मोडलेले मौन मी एका लेकरासाठी मोडले नाही. तिला उचलून घरी आणले. पुन्हा कधीतरी नेऊ, असे मनाशी म्हटले.

संध्याकाळी सूनबाईंनी, झाला ना डोस, असे विचारले. मौनाचे कवच होतेच. मी त्यामागे बसून राहिलो. त्यांनी ते होय समजले. शुक्रवारी मला वाचा होती, आणि तरीही मी बोललो नाही. पुढे तू शब्द मागितलास, तेव्हा असा शब्द दिला की ज्यात एकही वाक्य खोटे नव्हते आणि सबंध पत्र खोटे होते. ज्याचा रथ जमिनीच्या चार बोटे वरून चाले आणि जो एका अर्ध्या सत्याने खाली टेकला, त्या राजाची कथा मी तीस वर्षे वर्गात सांगितली. मुले विचारत, गुरुजी, चारच बोटे ना, त्याने काय बिघडले? मी हसून पुढचा पाठ घेत असे.

डॉक्टर म्हणतात ते खरे असेल. त्या ‘सांगता येत नाही’च्या आडोशाला बसण्याचा मोह मला रोज होतो. म्हणूनच आज लिहिले.

तुझ्याकडे काही मागत नाही.
दादा


शनिवार, १३ मे

दादा,

पत्र मिळालं. दोन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

पालकांना बोलावून मी सर्व सांगितलं. कोणाचं नाव न घेता सांगता आलं असतं, पण घेतलं. सूनबाईलाही ते तिथेच पहिल्यांदा कळलं. चार मुलं आता येणार नाहीत. बसचालक गेला नाही. दाराशी थांबून एवढंच म्हणाला की त्याने भीत भीत का होईना, केलं. मान वर करून बघवेना मला.

ज्याला नियम नको होता त्याने तो पाळला. ज्याने नियम सांगितला आणि शब्दाची थोरवी मला शिकवली, फाईलमध्ये तेवढा त्याचाच कागद खोटा निघाला. आणि चूक माझीही. तू माझा भाऊ म्हणून मी कार्ड पाहिलं नाही. बसचालकाचं मात्र उजेडात धरून पाहिलं होतं. आता आठवतं.

टोपीची आई पालकांच्या बैठकीत नव्हती. तिला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे, आणि पत्राने करायचं नाही. ते होईपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस.

धाकटी


गुरुवार, २५ मे

चि. धाकटीस,

तुझ्या पत्रात ‘तीर्थरूप’ नव्हते. ते योग्यच होते.

मंगळवारी इकडे आलो. मुलाच्या घरी कोणी फारसे बोलत नाही. आज सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खोलीवर गेलो. वार गुरुवार होता. जिन्यात पाय अडखळले, पण जीभ अडखळू दिली नाही.

त्या घरीच मशीनवर कॉलर जोडत होत्या. मी कोण हे सांगितले, आणि मग सारे काही, रांग, मौन, कार्ड, पत्र. त्यांनी मशीन थांबवले नाही. मी संपवल्यावर शिवण काठापर्यंत नेली, दोरा दातांनी तोडला, आणि म्हणाल्या की मी हे सांगून हलका झालो असेन, पण त्यांनी आता याचं काय करायचं? सगळ्यांनी सगळं केलं होतं, एवढं एकच त्यांच्याकडे उरलं होतं, तेही मी नेलं, असे त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले की मुलीला डोस दिला का. नाही म्हणालो. मग इथे काय बसलात, असे त्या म्हणाल्या, आणि खालमानेने पुढची कॉलर घेतली. मी उंबऱ्यात पोहोचल्यावर मागून एवढे सांगितले, की त्यांच्या मुलाला शेकड्याने सुया टोचल्या गेल्या. प्रत्येक वेळी त्या त्याला आपल्या झग्याची बटणे मोजायला लावीत. मुलीला नेताना तिच्याशी बोलत राहा, असे म्हणाल्या.

तिथून मी सरळ घरी गेलो. आजार होऊन गेल्यावर आता डोस चालेल ना, हे डॉक्टरांना कालच विचारून ठेवले होते. सूनबाईंसमोर कार्ड ठेवले आणि त्यांची परवानगी मागितली. त्यांनी पोरीला चपला घातल्या. रांग तेवढीच होती, परिचारिकाही तीच. मी वाटभर बोललो, रांगेत बोललो. गोष्ट एकही आठवेना, म्हणून माझ्या सदऱ्याची बटणे मोजली. नातीने पाच म्हटले, मी सहा. सहावे तुटलेले होते. त्यावरून आमचा वाद चालला असतानाच सुई टोचून झाली. ती दोन हुंदके देऊन थांबली. एवढेच होते ते, धाकटे. एवढेच.

यापुढे गुरुवारी बोलणार आहे. ज्या मौनाने मला स्वतःचेच ऐकू येईनासे झाले, ते देवापाशी काय पोहोचणार?

हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून जात आहे, घंटा वाजवणार नाही. सोबत कार्ड जोडले आहे. माझ्या शब्दावर ठेवू नकोस. उजेडात धरून दुसऱ्या रकान्यातला शिक्का पाहा, आणि मगच फाईलला लाव.

लोभ मागत नाही.
दादा