बालाजीला दिलेले केस

मंगळवार संध्याकाळ, मुखेड

लातूरहून बायकोची, सुमनची केमो करून येताना बसमध्ये आमच्या शाळेतले शिंदे सर भेटले. सुमनचा डोळा लागलाय असं मला वाटलं. तिचा स्कार्फ सरकला, सर तिच्या उघड्या डोक्याकडं पाहतच राहिले, आणि मी बोलून गेलो, "तिरुपतीला गेलो होतो. हिनं बालाजीला केस दिले."

कॅन्सर म्हणायला जीभ का रेटली नाही? काय अडलं होतं माझं?

सरांनी चक्क हात जोडले. "वहिनींचं भाग्य! प्रसादाचा लाडू आणा बरं का शाळेत."

सुमननं डोळे न उघडताच स्कार्फ नीट केला. जागीच होती.

घरी चपला काढताना म्हणाली, "लाडू कुठून आणता आता? केस तर उशीवर गळाले माझे. तुम्हीच वेचले की हो."