बाई, इथं गाडी ऐकू येत नाही

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि मी तुम्हाला लिहायला बसलोय कुठं, तर विमानतळावरच्या लाउंजमध्ये. लाउंज म्हणजे विमानाची वाट बघायची खोली, पण खुर्च्या अशा की बसलेला माणूस आत रुततोच. शेजारी माझी सहा वर्षांची नात आहे. मुलगा आधी रांजणगावला कंपनीत होता, तिथूनच परदेशी गेला, मागून सूनही गेली. पोरगी शिरूरला आम्हा दोघांजवळ वाढली. गेल्या वर्षी पोरीची आजी गेली आणि मुलाचा फोन आला, "आबा, पोरीला घेऊन तुम्हीच या आता इकडं." परतीच्या तिकिटाचं विचारलं, तर म्हणाला, बघू नंतर. घराची किल्ली शेजारी दिली आणि निघालो.

आत आलो तर एका बाजूला जेवण मांडलेलं, वाफा येतायत. मी आपला पोरीला घेऊन टेबलाशी बसलो आणि पंगतीतल्यासारखी वाढप्याची वाट बघत राहिलो. कुणी फिरकेना. शेवटी तीच म्हणाली, "आबा, इथं कोन वाढत न्हाई. आपलं आपन घ्यायचं." बोलणं अजून शिरूरचं आहे, तिकडं गेल्यावर किती दिवस टिकेल, कोण जाणे. खाऊन झालं तसा जीव गुदमरायला लागला. दारावरच्या मुलीला विचारलं, जरा बाहेर वारा खाऊन येऊ का? ती हसून म्हणाली, "काका, तपासणी झाल्यावर परत बाहेर नाही जाता येत." इथं गाडी पुकारतही नाहीत म्हणे. पडद्याकडं बघत बसायचं.

समोर भिंतभर काच आहे. पलीकडं विमानं धावतात, उडतात, आवाज मात्र काही येत नाही. ते बघता बघता मी दौंडच्या आपल्या वर्गात जाऊन पोचलो. कवितेचा तास आहे, तुम्ही चालीवर म्हणताय, मागून आम्ही, आणि रुळावरून मालगाडी येते. तुमचा हात वर जातो. सगळा वर्ग गप्प, अर्धा शब्द लिमलेटच्या गोळीसारखा गालात धरून. एकदा मी तसाच पुढं म्हणत सुटलो, तर केवढ्या रागावला होतात. "घाई कसली रे? गाडी जाऊ दे. ओळ कुठं पळून जात नाही." शेवटचा डबा गेला की हात खाली, आणि सगळी पोरं त्याच अक्षरावरून पुढं.

मघाशी नात म्हणाली, आबा, ओढ्याची कविता म्हणा. तुम्हीच शिकवलेली. मी हळू आवाजात सुरू केली, तेवढ्यात काचेपलीकडं एक विमान धावायला लागलं आणि माझा हात आपोआप वर गेला. का थांबलो, तिला कळेना. मी म्हटलं, गाडी जाऊ दे. "वाजत तर न्हाई," ती म्हणाली, पण थांबली. विमान उडालं, हात खाली आला, आणि दोघांनी राहिलेली ओळ पुरी केली. हा खेळ तिला भलताच आवडला. पुढचं विमान यायची ती वाटच बघत बसली.

मग एकदम म्हणाली, "आबा, आपन परत घरी कवा यायचं?"

मी हात वर केला.

ती लगेच गप्प झाली. ओठ घट्ट मिटून काचेकडं बघत अजून तशीच बसलीय, आणि मी एका हातानं हे लिहितोय. हे पत्र कुठं टाकणार मी? खिशातच राहील. पण तुम्हाला म्हणून सांगतो बाई, धावपट्टी रिकामी आहे.