तंबू तुमचा, तुम्हीच न्या

राजाजीनगर, बेंगळूर
मार्गशीर्षातला रविवार, १९६४

तीर्थस्वरूप आप्पाजीमामांच्या चरणी,

परसूचा साष्टांग नमस्कार. नमस्कार रीतीप्रमाणे वाकून घातला आहे, पण दातओठ खाऊन, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा, तुमचा खोकला, मामींचे डोळे आणि गाभण म्हैस यांची हालहवाल सविस्तर कळवावी. तुमची लेक बरी आहे. (आबांना रागाचं एक अक्षर लिहायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. ती मागच्या दारी भांडी घासते आहे तोवर उरकून घेतो.)

तुम्ही बेळगावहून रेल्वेनं धाडलेला तंबू आणि गळाची काठी पोचली. त्याच्या आदल्या दिवशी तुमचं कार्डही पोचलं. कार्डावर काय, तर 'आता माझ्याच्यानं होत नाही. तंबू आणि गळ तुला. आप्पाजी.' संपलं! वा मामा, वा! जन्मभर माणसाला नदीनाल्यातनं, काट्याकुट्यातनं फरफटत न्यायचं, आणि आता तो दमून जरा बसतोय म्हणेपर्यंत आपण खाटेवर पडून अंग काढून घ्यायचं? आणि वर आहेर काय, तर हे धूड! स्टेशनावरनं घरी आणताना जटकेवाल्यानं ते गुंडाळं बघितलं, घोड्याला थांबवलं, आणि आत कोण आहे म्हणून कानडीत हळू आवाजात विचारलं. मी सांगितलं, आमच्या मामांची पलटण आहे. त्या तंबूला रॉकेलचा, शेळीचा आणि दुसऱ्या महायुद्धाचा मिळून जो वास येतो, तो आता आमच्या पांघरुणांनाही यायला लागला आहे.

असुंदे. तुम्ही सोडलंत ते उत्तम केलंत, सुंठीवाचून खोकला गेला. पण सोडताना हिशेब तरी ऐकून जा. मी तुमच्यापायी काय काय सोसलं, ते आजवर कुणाला बोललो नाही. (तुमच्या लेकीला बोललो, पण ती बापाच्या बाजूची. मामाची पोर केली की सासुरवासाचा ताप नाही, असं आमची आई सांगायची. आईला काय, तिचा तो भाऊ होता.)

पहिलं म्हणजे मार्कंडेय नदी. तुम्ही पलटणीतनं सुट्टीवर आला होता आणि मी चड्डीची नाडी दातानं सोडवणारं पोर. मला म्हणालात, चल, मासे धरायला शिकवतो. मी उड्या मारत आलो. काठावर बसवलंत, हातात बांबू दिलात, आणि म्हणालात की माणूस बोलला की मासा पळतो. मी म्हटलं, नाही बोलत. तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही मला ओंजळभर पाणी तोंडात घ्यायला लावलंत, आणि गळाला मासा लागेस्तोवर ते गिळायचंही नाही आणि थुंकायचंही नाही, असा हुकूम सोडलात! अहो, कुठल्या शाळेत अशी शिक्षा आहे? गाल दुखून आले, नाकावर माशी बसली, समोरनं गवळ्याची म्हैस पाण्यात उतरली, तरी मी ब्र काढला नाही. शेवटी शिंक आली. तुम्हाला नखशिखान्त भिजवून ती शिंक गेली आणि नेमकी तेव्हाच काठी वाकली. मासा लागला तो मी हलल्यामुळे, हे तुम्ही आजपर्यंत कबूल केलेलं नाही. भावकीत सांगताना तुम्ही तो मासा स्वतःच्या नावावर सांगता. भाकरीबरोबर त्याचं डोकं मात्र मला दिलंत, तेवढं खरं आहे.

पुढं आमचं लग्न. जगात रीत काय आहे, की नवा जावई सासरी आला की त्याला पाट मांडतात, कोंबडं कापतात, झोप म्हणतात. तुम्ही काय केलासा? माझ्या हाताची हळद निघाली नव्हती, आणि तुम्ही माझ्या पाठीवर तुमच्या पलटणीतला तो पिट्टू बांधलात आणि चंदगडच्या रानात चालत नेलंत! पोरगी कुणाच्या गळ्यात घातलीय ते बघून घेतो, असं दारात उभं राहून मोठ्यानं सांगितलंत. (पोरगी आत फिदीफिदी हसत होती, ते मी ऐकलंय.) पिट्टूत तांदूळ, तवा, तंबूच्या मेखा, सगळं मी वाहिलं. तुमच्या हातात काय, तर वेताची छडी! आणि वर चढल्यावर कळलं की मीठ घरीच राहिलं. आळणी रस्सा वरपताना तुम्ही मला ऐकवलंत की शिपायाच्या घामातच मीठ असतं, वेगळं लागत नाही. सकाळी कड्यावर बसून आपण काळा चहा प्यायलो, खाली सगळं कोकण धुक्यात बुडालेलं होतं आणि तुम्ही पहिल्यांदाच मला 'अरे परसू' न म्हणता 'परसराम' म्हणालात. ती सकाळ चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण तो कड्याचा गुण, तुमचा नव्हे.

मग मी कारखान्यात लागून बेंगळूरला आलो. म्हटलं, सुटलो. बेळगाव लांब, मामा लांब. कुठलं काय! पहिल्याच वर्षी संक्रांतीला तुम्ही तंबू घेऊन दारात हजर. पलटणीतनं निघताना गोऱ्या साहेबानं दिलेली ती चाकाची गळकाठी खांद्यावर, आणि मी रजा काढलीय की नाही याची चौकशीसुद्धा नाही. राजाजीनगर तेव्हा नुसतं तांबड्या मातीचं माळरान होतं, चार घरं इकडे, चार तिकडे. तंबूला ऊन दाखवायचं म्हणून तुम्ही तो आमच्या दारापुढं ठोकलात. शेजारचे कल्लाप्पा कामावरनं आले, तर आमच्या दारापुढं मांडव. इकडे कुणी गेलं की दारापुढं असाच मांडव घालतात. ते बिचारे चप्पल काढून, खाली मान घालून, हातात हार घेऊन आले. मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढं होऊन मान वाकवलीत आणि तो हार गळ्यात घालून घेतलात! कल्लाप्पांचा चेहरा काय झाला होता! आणि तुम्ही गावी जाऊन सांगत सुटलात की बेंगळूरची माणसं मोठी मानमरातबाची, आल्याआल्या हार घालतात. ते आजही मला भेटले की पहिल्यांदा 'मामा चन्नागिद्दारा?' म्हणून विचारतात. मामा बरे आहेत ना, एवढंच त्यांना म्हणायचं असतं, पण विचारताना स्वल्प दचकतात.

तेव्हापासून दरसाल कावेरी. दरसाल मी रजेसाठी साहेबापुढं नवीन नातेवाईक आजारी पाडायचा. दरसाल तंबूची एकच बाजू उभी राहायची आणि तुम्ही दुसऱ्या बाजूसाठी मला खांब म्हणून उभं करायचा. मी यातलं काही काढत नाही. (काढलं, तर ते रागाच्या भरात.) पण गेल्या माघातलं मी गिळू शकत नाही.

आपण उतरलो त्या खेड्याचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून आपल्या नावानं खडे फोडत असतील. बांबूच्या बेटाआड तंबू ठोकला. सबंध सकाळ गेली. गांडुळं झाली, कणकेच्या गोळ्या झाल्या, मासा म्हणून फिरकला नाही. तुम्ही चिडलात, आणि चिडलात की तुम्हाला भूक लागते. डबा उघडलात. आता आपण बेळगावकडची माणसं, स्वर्गात निघालो तरी चुरमुऱ्यांचं गाठोडं बांधून निघणार. तुमच्या लेकीनं गुळात वळलेले चुरमुऱ्यांचे लाडू दिले होते. (तिच्या लाडवांनी माझी एक दाढ नेली आहे, हे आपल्यातच ठेवा.) त्यातला चुरा पाण्यात पडला आणि काय सांगू, पाण्याला उकळी फुटल्यागत मासे वर आले! हाताएवढे, मांडीएवढे, तोंडं वासून! तुमचे डोळे असे चमकले की मलाही वाटलं, एवढ्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली. दगडासारखा लाडू, गळावर छान रुतला. टाकताक्षणी मासा लागला. ओढून बघतो, तर माशाच्या नाकात नथ!

मी म्हटलं, मामा, सोडा, हे काहीतरी घरंदाज प्रकरण दिसतंय. तुम्ही ऐकाल तर शपथ! तुम्ही म्हणालात, कुणा बाईची पाण्यात पडली असेल, यानं गिळली असेल. अहो, गिळलेली नथ नाकात कशी येईल? एवढ्यात बांबूच्या बेटापलीकडनं आरडाओरडा करत देवळाचा राखणदार आला, मागनं पुजारी, मागनं सगळं गाव. बेटाआड देऊळ होतं, आणि ते देवाचे, नवसाच्या नथी घातलेले मासे होते. रोज येणारी जाणारी माणसं त्यांना चुरमुरे घालायची, तेच त्यांचं जेवण. दुसरं कुणी गांडूळ लावून वर्षभर बसलं असतं तरी गळाला मासा लागला नसता. आपणच तेवढे, त्यांच्या ताटातलंच वाढून त्यांना धरायला निघालेले!

मासा जिवंत सोडला, पाण्यात सुळकन गेला. पुजाऱ्यानं सांगितलं की आता माशांची माफी मागा आणि आणलेले सगळे लाडू त्यांना घाला. तुम्ही घातलेत. आपण उपाशी राहिलो, त्याचं मला काही नाही. पण तो राखणदार! माझ्या वयाचा असेल. तुमच्या हातातनं काठी घेऊन खाली ठेवली आणि कसा मऊ आवाजात म्हणाला, 'अज्जा, वयस्सायितु, मनेल्ली इरी.' आजोबा, वय झालं, आता घरी बसा. मी वाट बघत होतो, आता मामा त्याच्या सात पिढ्या उद्धरतील. तुम्ही सुभेदाराला जुमानलं नाही, गोऱ्या साहेबाला जुमानलं नाही, माझ्या लग्नात भटजीला मंत्र चुकला म्हणून थांबवलंत. आणि तिथं तुम्ही काय म्हणालात? 'सरी' म्हणालात! बरं, म्हणून मान हलवून 'सरी'!

परतताना मोटारीत कंडक्टरनं तंबूचं वेगळं तिकीट मागितलं. तुम्ही भांडला नाहीत, गुमान काढून दिलंत. आणि आता हे कार्ड. माझ्याच्यानं होत नाही म्हणे! गुडघा तर तुमचा मी जावई झालो तेव्हापासनं दुखतोय. खरं ते हे, की कोण कुठला देवळाचा राखणदार तुम्हाला अज्जा म्हणाला आणि तुम्ही खाटेवर जाऊन पडलात. त्यानं तुम्हाला चंदगडच्या घाटात पाहिलंय? त्याच्या तोंडात तुम्ही कधी पाणी धरायला लावलंय? मी जन्मभर कानीकपाळी ओरडतोय, की मामा, हे सोडा, तिथं उतरू नका, मीठ घ्या, तर माझं एक ऐकलं नाहीत. आणि त्याचं एका वाक्यात ऐकलंत! याचा मला इतका राग आला आहे की लिहिताना टाक कागदातनं आरपार गेला. मागच्या बाजूला डाग दिसेल तो त्याचा आहे.

तर पत्राचं तात्पर्य हेच, की तुमच्याबरोबर नदीवर मी या जन्मी पुन्हा येणार नाही. ब्रह्मदेव आला समजवायला तरी नाही. मामींना नमस्कार, म्हशीला गोंजारणे. लोभ ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी भाचाही आहे आणि जावईही, तुम्हाला दोन्हीकडनं सुटका नाही.

आपला संतापलेला,
परसू

ता. क. तंबू इथं राहणार नाही. घरात जागा नाही, मुंग्या झाल्या आहेत. रेल्वेनं परत धाडणार नाही, येताना त्यांनी एक खांब मोडला. ज्याचा तंबू त्यानं स्वतः येऊन न्यावा. काठीचंही तेच.

ता. क. दुसरा. याल तेव्हा संक्रांतीच्या सुमारास या. त्या आठवड्यात माझी रजा आहे. (खिडक्यांना रंग द्यायचा आहे म्हणून काढली आहे, गैरसमज नसावा.) सहज सांगतो, गेल्या रविवारी मोटारीनं जाऊन कावेरीवरची एक जागा बघून आलो. दोन्ही काठांनी पार वळणापर्यंत चाललो. देऊळ नाही, पुजारी नाही. तिथल्या कोळ्याला विचारलं, हे मासे कुणाचे? तो म्हणाला, धरेल त्याचे. माशांची नाकंही मोकळी आहेत. मीठ मी घेतो.

ता. क. तिसरा. आबा, मी अंबू. पत्र पेटीत टाकायला दिलं तेव्हा वाचलं. यांचं काही मनावर घेऊ नका, पण या. तंबू घरात नाही, आठ दिवस झाले, अंगणात ठोकलाय. मोडका खांब यांनी स्वतः बसवला. कारखान्यातनं आले की त्यातच बसतात, कल्लाप्पा पुन्हा हार घेऊन येऊन गेले. काल जेवायला हाका मारमारून मी दमले, तर उत्तर नाही. मेले की काय म्हणून धावत गेले, तर दगडी हौदात गळ सोडून बसलेले, गाल फुगवून, तोंडात पाणी धरून.