सुगंधाची उलटी आणि माझा सोज्वळ शब्द

बोईसर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९६६

चि. आत्मारामास ताईचे अनेक आशीर्वाद. देवकृपेने आम्ही सुखरूप आहोत. सफाळ्याला थंडी पडली असेल, मफलर बांधत जा (माझ्या जुन्या शालीचा आहे, फाटायचा नाही).

शेजारच्या रंभाबाईंची सून सुगंधा, तुमच्या गावच्या चिंतू पाटलांची लेक, तिला गेल्या एकादशीला सकाळपासून उलट्या. तिचा नवरा शिवाजी वीज केंद्राच्या बांधकामावर ड्यूटीला. दवाखान्यातले नवे डॉक्टर मद्रासकडचे, त्यांना मराठी नाही, हिंदी नाही. म्हणून रंभाबाईंनी मला नेलं, कारण मी मॅट्रिक. आता उपासाच्या तोंडाने ओकारीचं नाव कसं घ्यावं? मॅट्रिकला तू दिलेली डिक्शनरी (कॅलेंडरचं कव्हर घालून जपली आहे) निघण्याआधी उघडली. ‘व्हॉमिट’ वाचूनच मळमळलं. ‘स्पिट’ म्हणजे नुसता थुंकल्याचा आवाज. ‘एक्स्पेक्टोरेट’ मात्र सोज्वळ वाटला. मूळ लॅटिन, अर्थ छातीतून बाहेर टाकणे. छाती काय, पोट काय, शेजारीच तर आहेत. तोच डॉक्टरांना ऐकवला. रंभाबाई डॉक्टरांपुढे वाकून ओकून दाखवणार होत्या, त्यांना मीच अडवलं, म्हटलं चारचौघांत शोभतं का.

डॉक्टरांना वाटलं कफ पडतो, त्यांनी क्षयाच्या शंकेने थुंकी तपासायला बाटली दिली. सुगंधाला कफ येईना. यावा म्हणून रंभाबाईंनी दही-केळं चारलं, ते सगळं उलटून पडलं. मग वेगळं ताट, वेगळा पेला देऊन तिची माहेरी रवानगी. निघताना म्हणाली, “काकू, तुमी सांगितलं म्हंजे खरंच आसंल.” तेव्हापासून घास गोड लागत नाही.

बाटलीत नुसती थुंकी भरून दिली होती, काल तिची तपासणी निर्दोष आली. मग मी भरल्या दवाखान्यात पोट धरून, वाकून, सगळं करून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “वमन?” ‘व्हॉमिट’ आणि आपलं वमन एकाच कुळातले म्हणे. एवढा देवघरात चालणारा शब्द जवळ असताना मी लॅटिनच्या दारी गेले. नंतर त्यांनी विचारलं, कितवा महिना?

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र मिळताच पाटलांकडे जा. पोर वेगळ्या ताटावर रडत बसली असेल. रंभाबाई शरमेने येत नाहीत. चूक डॉक्टरांची होती असं सांग.

ता. ता. क. नको. काकूंनी सांगितलंय, असंच सांग. माझ्या नावावर तिने क्षय खरा मानला, बाळही मानेल.